झुलीखालचा बैल

ये गं, अशी जवळ ये. हे पत्र तिकडं नागपुरात खुर्चीवर बसून वाचू नकोस. इकडं माझ्या बाजेवर बस, पाय वर घे, आणि आधी बोलणी खा. पोळ्याला येते म्हणून शब्द दिला होतास तू. मी डाळ निवडून ठेवली, पुरणाचा गूळ बाजूला काढला, आणि मग तुझा फोन. "आजी, नाही जमणार, कामं निघाली." वरून वकिली शिकणारी पोरगी म्हणून मलाच सांगतेस, की माणसाच्या हाताबाहेरचं काही झालं तर शब्द सुटतो, कायदाच तसा आहे.

असं का माय?

मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचणं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. त्यावर बातमी अर्धीच असायची, उरलेली अर्धी मी मनानं जोडायची. पण शब्द कधी सुटतो आणि कधी सुटत नाही, एवढं मला तुझा बाप एवढासा होता तेव्हापासून ठाऊक आहे. एका लाकडी बैलानं शिकवलं. आता उठू नकोस, सगळं ऐकून घे.

कारंज्याच्या हमरस्त्यापासून आपलं गाव आत. तेव्हा वीज आली होती, पण तिचा काही नेम नसायचा. दुपारी सगळं गाव झोपल्यासारखं व्हायचं आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे दुरून, जणू विहिरीच्या तळातून वाजावेत तसे ऐकू यायचे. त्या दुपारी आठवल्या की मला अजून वाटतं, मी त्या जगले नाही, कुठं तरी अर्धवट डोळ्यांनी पाहिल्या.

आपल्या घरात एक लाकडी बैल होता. तुझ्या आजोबांच्या आजोबांनी आपल्या लेकासाठी आंब्याच्या लाकडाचा करून घेतलेला. चांगला वर्षाच्या गोऱ्ह्याएवढा उंच. पाट्यावर उभा, पाट्याला चार चाकं. डावा कान टोकाशी तुटलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा पोळा. त्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापर्यंत नेत, आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागत, म्हणजे कोणी खाऊ द्यावा, कोणी ओंजळभर चुरमुरे. बाकीच्यांचे बैल काखेत मावतील असे. आपला बैल ओढायला गल्लीतली सगळी दांडगी पोरं लागत, तरी चढावर तो मागं सरकायचा.

त्या बैलाचा घरात एक नेम होता. त्याला कधी आडवं करायचं नाही आणि उलटं तर मुळीच करायचं नाही. मी नवी असताना त्याचं पोट पुसायला म्हणून त्याला कलता करू लागले, तर सासूबाई अशा धावून आल्या.

"काय करून राह्यली व? महादेवाचा नंदी हाय तो! तुह्या सासऱ्याले कधी उलटं केलं का?"

सासरे तिथंच सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "करू नको म्हणा. मले चक्कर येते."

तर असा तो कधी कोणी खालून पाहिलाच नाही. दर वर्षी पोळ्याच्या आधी मागच्या रंगावर नवा रंग द्यायचा, पांढरा अंगाला, निळा शिंगांना. इतक्या वर्षांचे इतके थर की बोट फिरवलं तर कातडीच लागल्यासारखी वाटे, गार आणि गुळगुळीत.

आता शेठाणी. गावात किराण्याचं एक दुकान, तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घर. शेठाणी अर्धी हिंदी बोलायची, अर्धी आपल्यासारखी. तिची एक नात होती. दीड वर्षाची असताना पोरीला ताप आला आणि पायातला जीव गेला. गल्लीतली तिच्या वयाची लेकरं कोंबडीमागं धावत, आणि ही दुकानात साखरेच्या पोत्यावर बसून त्यांच्याकडं पाहत राही. रडायची नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटायचं.

एका तान्ह्या पोळ्याला आपला बैल त्यांच्या दारात थांबला. शेठाणी बोजारा घेऊन आली. तेवढ्यात ही पोरगी ओट्यावरून घसरत, सरकत आली आणि तिनं बैलाची दोरी धरली. सोडेचना. पोरं म्हणाली, सोड वो, देवळात उशीर होते. ती सोडेना. शेठाणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बैलाच्या तुटक्या कानावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात काही बोलली. मी तेव्हा कडेवर तुझ्या बापाला घेऊन मागं उभी होते. नवस बोलली, एवढं कळलं.

पुढच्या वर्षात पोरीच्या पायात जीव येऊ लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी म्हणा, तेलाच्या मालिशीनं म्हणा, नवसानं म्हणा. आधी भिंत धरून, मग न धरता. उजवा पाय थोडा मागं ओढायची, पण चालायची. मात्र त्याच वर्षी, ऐन पोळ्याच्या तोंडावर, तुझे पणजोबा, माझे सासरे, गेले, घरात सुतक, बैल बाहेर निघालाच नाही. आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी, ओलसर जमिनीवर तो उभाच्या उभा राहिला.

त्याच्या पुढच्या वर्षी, नागपंचमीच्या आधी, शेठाणी आपल्याकडं आली. आतल्या खोलीत जाऊन बैलाच्या कानाला हात लावला. मग मला म्हणाली, "बेटी, औंदा तान्ह्या पोळ्याले हाच बैल माह्या नातीच्या हाती दे. मी नवस बोललेली हाय. अन् माह्या घरी शिलाई मशीन धूळ खात पडली, माह्या सुनेले हात लावायची हौस नाई. ते तुले राहू दे. कायमची."

तिनं मला कुंकू लावलं, मी तिला लावलं. झाली बोली. दुसऱ्या दिवशी मशीन बैलगाडीतून घरी आली. पायानं चालवायची, काळी, अंगावर सोनेरी फुलं.

अगं, तुला काय सांगू. त्या घरात तोवर माझं म्हणून काही नव्हतं. भांडी सासूबाईंची, शेत तुझ्या आजोबांचं, लेकरू सगळ्यांचं. ती मशीन मात्र मी बसले की माझी व्हायची. कोणी शिकवलं नाही. एक जुनं पोलकं उसवलं, तुकडे जमिनीवर मांडून पाहिले, आणि पुन्हा जोडलं. पहिल्यांदा बाही उलटी लागली. दुसऱ्यांदा गळा एवढा झाला की सासूबाई म्हणाल्या, "यातून तर म्हैस निंगन." पण तिसरं जमलं. मग शेजारीण आली, मग तिची जाऊ आली. दारात येऊन बाया माझं नाव घेऊन विचारू लागल्या, आहे का घरी? त्याआधी सगळ्या सासूबाईंना विचारत येत. दुपारच्या त्या झोपाळू घरात मशीन चालू झाली की तिचा आवाज मला पाण्यासारखा वाटायचा, आणि मी त्यात बसून कुठंतरी दूर वाहत जायची. पाय हलत असायचे, पण घर मागं राहायचं.

बैलासाठी मी नवी झूल शिवायला घेतली. लाल कापड, पिवळी किनार. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मापं घ्यायला आतल्या खोलीत गेले. कापड बैलाच्या पाठीवर टाकलं, जागच्या जागी राहावं म्हणून वरून टाचणी टोचली. लाकडात टाचणी जात नाही, म्हणून जोर केला.

टाचणी भाकरीत जावी तशी गेली. डोक्यापर्यंत.

मी दुसरी टोचली, पोटाजवळ. तीही गेली. मग बोटानं दाबलं, तर रंगाचा पापुद्रा आत बसला आणि भोकातून बारीक पिवळी भुकटी गळू लागली. थांबेचना. मी पाट्याखाली पाहिलं. चाकापासून पायापर्यंत मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या. उधई. वाळवी गं. खालून शिरली होती आणि आतल्या आत सगळा बैल खाऊन बसली होती. वरचा रंग तेवढा तिला आवडला नव्हता. दोन्ही हातांनी मी बैल उचलून पाहिला. ज्याला गल्लीभर पोरं लागायची, तो माझ्या हातात टोपलीसारखा वर आला.

मी तिथंच जमिनीवर बसले. डोळ्यांसमोर पहिल्यांदा कोण आलं असेल, ती पोरगी? खरं सांगते, मशीन आली.

त्याच दुपारी तुझे चुलत आजोबा नागपूरहून पोळ्यासाठी आले. माझे धाकटे दीर. तेव्हा ते वकिलीच्या कॉलेजात होते, कारंज्याला बस सोडून पायी चालत यायचे, आणि घरात पाऊल टाकलं की जेवणाआधी कायदा वाढायचे. मी बैल दाखवला. त्यांनी बोटानं एक टिचकी मारली, आवाज ऐकला आणि ओट्यावर मांडी घालून बसले.

"वैनी, बोली कोणत्या बैलाची झालती? 'एक बैल देतो' अशी, का 'हाच बैल देतो' अशी?"

"हाच. तिनं त्याच्या कानाले हात लावून सांगितलं."

"मंग सुटल्या तुमी!"

"कशी काय?"

"पाहा. 'एक बैल' म्हटलं असतं तर सुटका नवती. सुताराकडून आणा, तळेगावच्या बाजारातून आणा, पण द्या. महाग पडलं, रस्त्यात चिखल झाला, पायात काटा रुतला, हे कायदा ऐकत नाई. पण हाच द्यायचा ठरला अन् हाच जगात राह्यला नाई, तर माणूस देईन कुठून? जे होऊच शकत नाई ते कायदा कोणाले करायले लावत नाई. कलम छप्पन." मग त्यांना आणखी रंग चढला. "आता सवाल येवढाच, का उधई लागली कधी? बोलीच्या आधीच खाल्ला असन, तर बोली झालीच नाई असं धरतात. जे नवतंच त्याचा सौदा केला तुमी दोघींनी. बोलीनंतर खाल्ला असन, तर बोली झालती, पण बैलासंगं मेली."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मंग जाय, उधईले इचारून ये. ते सांगन तुले."

"माय, दोन्हीकडून वैनी सुटल्याच ना!"

मी विचारलं, "सुटली म्हंजे मशीन राह्यली ना माह्याकडं?"

ते म्हणाले, "तसं नाई वैनी. सुटलेल्या माणसाले घेतलेलं ठेवता येत नाई. परत द्या लागते. कलम पासष्ट."

बघ, कसा असतो तुमचा कायदा. एका हातानं गाठ सोडतो आणि दुसऱ्या हातानं पदर ओढतो.

सासूबाईंना माझं तोंड दिसलं असावं. मशीन त्यांनाही आवडू लागली होती, फक्त कबूल करत नव्हत्या. म्हणाल्या, "हे पाहा, सुताराकडं एक नवा बैल तयार हाय. येवढाच. त्याले रंग द्या. रंग दिला का बैल बैलच असते."

"अन् कान?" मी म्हटलं.

"कान तोडू."

दीर खो खो हसले. "माय, मंग कलम बदलते. फसवणुकीचं लागते!"

"लागू दे. मी म्हातारी, मले काय करतात?"

पण नवा बैल कोणी बोललाच नव्हता. शेठाणीनं नवस ज्याच्या कानात सांगितला तो हा होता. दुसऱ्याला काय सांगणार, तुझ्या कानात न बोललेलं तू ऐक म्हणून?

त्या संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो आणि त्यांच्या कानाशी सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तुझे आजोबा गोठ्यात बैलांचे खांदे चोळत होते, धुरानं सगळं अंगण निळं झालं होतं. मी वाटीत उरलेली हळद घेऊन आतल्या खोलीत गेले. लाकडी बैलाच्या खांद्याला अगदी हलक्या बोटानं ती लावली. कानाशी तोंड नेलं, आणि आवतण द्यायच्या आधी मला ऐकू आलं. आत बारीक, कोरडी कुजबूज चालू होती. खूप माणसं खूप दूर एकदम बोलत असावीत अशी. उधई खात होती गं. पण त्या धुरात, त्या उजेडात मला वाटलं, तिथं जेवढे नवस, जेवढी गाऱ्हाणी आजवर लोकांनी सांगितली ती सगळी आत भरलेली आहेत आणि आता आपसात बोलतायत. मी आवतण दिलं आणि पाय न वाजवता बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याला, मी मशीन परत करायला निघाले. पोळ्याला बैलांना जू लावत नाहीत, म्हणून गाडी नाही. लोखंडी सांगाडा नंतर नेऊ म्हटलं, आणि वरचा काळा भाग चादरीत बांधून दिरांच्या डोक्यावर दिला. गल्लीत सगळे बैल धूत बसलेले. त्यातला एक ओरडला, "काय वकीलसायब, कोर्ट सोडून शिवणकाम शिकून राह्यले का?" दुसरा म्हणाला, "फाटलेले अशील शिवत असतीन!" दीर मान हलवू शकत नव्हते, नाहीतर उत्तर दिलं असतं.

शेठाणी ओट्यावर बसली होती. गाठोडं पाहून म्हणाली, "ये क्या उठा लाये बेटा?"

मी सगळं सांगितलं. टाचणी, भुकटी, उधई. ती ऐकत राहिली, हातातली जपमाळ थांबली. नात खांबाला टेकून एका पायावर भार देऊन उभी होती. दिरांना शेठाणीची दया आली. चांगल्या मनानंच ते म्हणाले, "काकी, तुमी जिवाले लावून घेऊ नका. वैनी जशा सुटल्या तशा तुमीबी सुटल्या. नवस म्हंजे बोलीच ना, देवासंगं केलेली. बैलच राह्यला नाई तर नेईन कोण अन् काय?"

शेठाणीच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग तिची नजर गाठोड्यावर गेली. "फिर हे काऊन आणली?"

"सुटल्यावर घेतलेलं परत द्या लागते, काकी. कायदा हाय."

ते सहज बोलून गेले. शेठाणीनं हळूहळू मान वळवली आणि नातीच्या पायांकडं पाहिलं.

ती काय पाहते ते मला कळलं. दिरांनाही तेव्हाच कळलं, आपण काय बोललो. त्यांनी जीभ चावली. "नाई काकी, तसं नाई, हे माणसामाणसातलं..."

"देवानं तर आपलं काम केलं ना बेटा," ती अगदी हळू म्हणाली. "उसने तो दे दिया. आता मी म्हणू, बैल नाई, मी सुटली? अन् त्यानं म्हटलं, ठीक हाय, सुटली तर जे घेतलं ते दे परत? मंग?"

खाली कोणी तरी बैलाच्या शिंगांना बेगड लावत होतं, त्याचा चुरचुर आवाज येत होता. मला माझी मशीन विसरायला झाली. खरंच. मला वाटलं, हिला कोणत्याही उपायानं सुटू देऊ नये.

पोरीनं विचारलं, "दादी, बैल कुठी हाय?"

दिरांनी गाठोडं खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर आठी होती, परीक्षेला बसल्यासारखी. त्यांनी विचारलं, "काकी, नवसाचे शब्द काय होते? जसेच्या तसे सांगा. एकबी इकडंतिकडं करू नका."

शेठाणीनं डोळे मिटले. "ही चालली, तर हा बैल ही आपल्या हातानं देवळापोत नेईन."

"बस? वजनाचं काही? भरीव का पोकळ, काही?"

"वजनाचं कोण बोलते रे?"

"मंग बैल उभा हाय ना अजून!" दीर एकदम उठले. "डोळे हायेत, शिंगं हायेत, तुटका कान हाय. मी घाई केली काकी. वस्तू गेली असं मी म्हटलं, पण वस्तू गेली कुठं? निस्ती अवघड झाली. अवघड झाल्यानं कोणी सुटत नाई." मग माझ्याकडं वळून, "वैनी, माफ करा, तुमी सुटल्या नाई. बैल द्या लागन."

न सुटल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. शेठाणी रडत होती आणि हसत होती. दिरांनी मशीन पुन्हा डोक्यावर घेतली. गल्लीत तोच माणूस ओरडला, "का वो, गिऱ्हाईक पटलं नाई का?"

त्या दुपारी सुतार आला. त्यानं बैलाला हात लावला आणि मागं घेतला. "नवा पाटा लावून देतो, पण खिया ठोकत नाई बाई. एक ठोका पडला का पुरा बैल खाली येईन. बांधता आला तर पाहा."

बांधायचा कशानं? दोरी रुतली असती. मी मशीनवर बसले. झुलीला पोटाखालून रुंद पट्टे जोडले, मानेला गळपट्टा, चारी पायांना कापडी मोजे, आणि मोज्यांचे बंद पाट्याच्या भोकांतून ओवायचे. लेकराला झबलं घालावं तसा त्याला घातला. बाहेर मोठ्यांचा पोळा फुटत होता, लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होते, हर बोला हर हर महादेव असा आवाज येत होता, आणि मी आत सुई चालवत होते. सासूबाई समोर बसून बंद ओढून पाहत होत्या. "घट नको करू व. त्याले श्वास घेऊ दे." आणि मग, बऱ्याच वेळानं, "हात चांगला बसला हाय तुहा." एवढं एकदाच म्हणाल्या त्या जन्मात.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. काय सांगू, ती सकाळ मला अजून झोपेत दिसते. आभाळ भरलेलं पण पाऊस नाही. उजेड कुठून येतो ते कळू नये असा. शेठाणी नातीला घेऊन आली. पोरीनं हिरवा परकर घातला होता, मीच शिवलेला. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी बैल नेईन का?" सासूबाई म्हणाल्या, "मंग काय तू नेतं? तुह्यानं तुही काठी नेववत नाई."

बोली झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी धरलं होतं, की पोरगी दोरीला हात लावील आणि ओढतील दुसरेच. एवढा जड बैल तिच्यानं कसा हलणार? शेठाणीनंही मनात तेच धरलं असेल. पण पोरीनं दोरी हातात घेतली, चांगला पाय पुढं टाकला, दुसरा मागून ओढला, आणि बैल तिच्या मागं चालू लागला. सहज. पाळलेल्या वासरासारखा. उधईनं त्याच्यातलं सगळं ओझं नेलं होतं. भरीव असता तर ती पोरगी त्याला एक वीतही नेऊ शकली नसती.

दांडगी पोरं आपले बैल काखेत घेऊन बाजूला झाली. चाकं करकरत होती, आणि झुलीच्या खालून, पायांच्या मोज्यांतून, बारीक पिवळी भुकटी गळत होती. मागं वळून पाहिलं तर ओल्या रस्त्यावर आपल्या दारापासून एक पिवळी रेघ आलेली, हळदीचं बोट ओढत आणावं तशी. शेठाणी नातीच्या मागं दोन्ही हात पुढं धरून चालत होती, पडली तर झेलायला, पण हात लावायचा नाही. मी बैलाच्या मागं तसेच हात धरून. आम्ही दोघी अशा, आणि मधे एक पोरगी आणि एक बैल, दोघंही जेमतेम उभे.

चढ आला. पोरगी थांबली. बैल डावीकडं थोडा कलला आणि झुलीच्या पट्ट्यात विसावला. पट्टा धरला. तिनं दोरी खांद्यावरून घेतली आणि पुन्हा पाय उचलला. मारुतीच्या पायरीला पाटा लागला तेव्हा जो आवाज झाला, लाकडाचा दगडाला, तेवढाच. मग सगळ्या गल्लीनं एकदम हर हर महादेव केलं. शेठाणी पायरीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. पोरगी मात्र विचारत होती, आता बोजारा कुठी कुठी मागायचा?

बैल संध्याकाळी घरी आला. मशीन माझ्याकडं राहिली, ती राहिलीच. तुझ्या बापाच्या फिया तिनं भरल्या, तुझ्या आत्याचं लग्न तिनं उभं केलं, आणि तुझं पहिलं झबलंही तिचंच. शेठाणीची नात पुढं अमरावतीला मास्तरीण झाली, शाळेत पायी जायची. दीर वर्ध्याच्या कोर्टात वकील झाले. कोणी अशील शब्द मोडायला आला, की आधी विचारत, "गेलं का अवघड झालं, ते सांग."

झूल मात्र आम्ही कधी काढली नाही. काढायला कोणाचा हातच गेला नाही. मी त्याच्या पायांत घासलेट सोडलं, पाट्याखाली विटा ठेवल्या, कडुनिंबाचा पाला भरला. तो अजून आतल्या खोलीत उभा आहे. लाल रंग उडून विटकरी झाला. आत बैल किती उरला आहे, का नुसती झूलच बैलाच्या आकारात उभी आहे, देव जाणे. कधी दुपारी मी बाजेवर पडते, हमरस्त्यावरचे भोंगे तसेच दुरून येतात, आणि मला वाटतं तो आत हळूच पाय बदलतो आहे.

तर आता तुझं. कामं निघाली, हे कलम छप्पन नाही हो. तो चिखल आणि काटा आहे. नागपूर जागेवर आहे, कारंज्याची बस जागेवर आहे, आणि मीही अजून जागेवर आहे, तुटक्या कानासकट. मीच राहिले नाही, तर मग तू सुटलीस, तेव्हा कोणी तुला बोलणार नाही. तोवर शब्द तो शब्द.

डाळ मी पुन्हा डब्यात भरलेली नाही. पोळा अजून यायचा आहे. आदल्या दिवशीच ये, खांदशेकणीला. झुलीचा एक पट्टा सुटत आला आहे, माझ्या डोळ्यांना सुईत दोरा दिसत नाही, तो तू ओव. आणि काढायची असली झूल तर तुझ्या हातानं काढ, आपण दोघी मिळून पाहू आत कोण आहे ते. चल, कान इकडं कर.

आज आवतण घे. पोळ्याले जेवाले येजो, माय. लवकर येजो.